क्रिस्तियानो ज्युनियर : बंगळुरूत थांबलेला प्रवास

बंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर ५ डिसेंबर २००४ रोजी फेडरेशन करंडक फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत झाली. गोव्याच्या धेंपो संघाने कोलकात्याच्या मोहन बागानला २-० असे नमवून प्रथमच हा करंडक पटकावला. दोन्ही गोल ब्राझीलचा आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याचे होते. विजयोत्सवात मात्र तो नव्हता.

ब्राझीलच्या राष्ट्रीय संघात त्याला कधीही स्थान मिळाले नाही. मायदेशातील तीव्र स्पर्धेमुळे तेथील असंख्य व्यावसायिक खेळाडू अन्य देशांची वाट धरतात. क्रिस्तियानो त्यांपैकीच एक. भारतात त्याने प्रथम ईस्ट बंगालची जर्सी परिधान केली. २००३-०४च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये १५ गोल करून तो स्पर्धेत अव्वल ठरला आणि ईस्ट बंगालने विजेतेपद राखले. पुढील मोसमासाठी तो धेंपोकडे गेला.

अंतिम लढतीच्या उत्तरार्धात दुसरा गोल करतानाच बागानचा तरुण गोलरक्षक सुब्रत पाल याच्याशी त्याची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला, क्रिस्तियानो कोसळला. सहकाऱ्यांनी मैदानावरच कृत्रिम श्वासोच्छ्वास देण्याचा प्रयत्न केला. रुग्णालयात डॉक्टरांनी त्याला मृत घोषित केले. तो अवघा २५ वर्षांचा होता.

त्याआधी दीड वर्षाच्या आतच कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फो आणि हंगेरीचा मिक्लोश फेहेर यांनी सामना सुरू असताना मैदानावर कोसळून प्राण गमावले होते. तरीही राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तातडीच्या उपचारांची व्यवस्था अपुरी असल्याची टीका देशभर झाली. पालवर काही काळ निलंबनाची कारवाई झाली. पुढे तोच भारताचा प्रमुख गोलरक्षक बनला आणि २०११च्या आशियाई करंडकात खेळला. परंतु त्या टक्करीचा उल्लेख त्याच्या नावासोबत कायम राहिला.

क्रिस्तियानोचे पार्थिव ब्राझीलला रवाना झाले. धेंपोने त्याची १० क्रमांकाची जर्सी सन्मानपूर्वक निवृत्त केली. त्याच मोसमात, २००४-०५ मध्ये, या संघाने राष्ट्रीय लीगचे पहिले विजेतेपद मिळविले. उपजीविकेसाठी परदेशी आलेल्या या खेळाडूची भारतातील कारकीर्द अल्पजीवी ठरली. परंतु मैदानाच्या कडेला डॉक्टर आणि रुग्णवाहिका सज्ज असणे किती निकडीचे आहे, याची जाणीव भारतीय फुटबॉलला त्याच्या मृत्यूने करून दिली.