वाटाण्याचा वेल

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. मुलाने आपल्यासारखेच शास्त्री व्हावे, ही त्यांची इच्छा. परंतु मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता. धुंडिराजांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. चित्रे काढणे, छायाचित्रे टिपणे, छपाईचे ठसे करणे, जादूचे खेळ दाखविणे, अशा नाना विद्या त्यांनी हस्तगत केल्या. एका कामात मन पूर्ण रमले नाही, की ते दुसरे शिकू लागत. अशा माणसाला लोक बहुधा धरसोडीचा म्हणतात. फाळक्यांच्या बाबतीत मात्र शिकलेले काहीच वाया गेले नाही.

काही वर्षे त्यांनी सरकारच्या पुराणवस्तू खात्यात नोकरी केली. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात ती सोडून त्यांनी भागीदारीत छापखाना काढला. १९०९ साली ते रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीस जाऊन आले. दादरच्या या लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्सचा चांगला लौकिक झाला. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके तेथून बाहेर पडले. दुसरा छापखाना काढण्यासाठी भांडवल देऊ करणारे काही जण पुढे आले. फाळक्यांनी त्यांना नकार दिला. त्या वेळी त्यांची चाळिशी उलटली होती, घरात पत्नी सरस्वतीबाई व मुले होती आणि उत्पन्नाचे दुसरे साधन नव्हते.

याच दिवसांत त्यांनी गिरगावातील एका चित्रपटगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावरील ती हलती चित्रे पाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देशातील कथा आपल्याच माणसांनी अशा रीतीने का दाखवू नयेत, या विचाराने त्यांना घेरले. दुसऱ्या वेळी ते सरस्वतीबाईंनाही बरोबर घेऊन गेले. मग चित्रपटांविषयीची पुस्तके मागवावीत, खेळ पाहावेत, रात्री जागून प्रयोग करावेत, असा क्रम सुरू झाला. या अतिश्रमांमुळे काही काळ त्यांची दृष्टीच गेली. नेत्रवैद्यांच्या उपचारांनी ती परत मिळाली. आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना या धंद्यातील धोके सांगितले, परंतु मदतही केली. सेसिल हेपवर्थ या निर्मात्याने आपल्या चित्रशाळेतील सर्व कामे त्यांना दाखविली. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा व कोऱ्या फिल्मला कडेने भोके पाडण्याचे यंत्र घेऊन फाळके परतले.

यंत्रे तर आली. पण चित्रपट काढण्यापुरता पैसा नव्हता, आणि नुसत्या शब्दांवर पैसा कोण देणार? तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले. कॅमेरा कुंडीसमोर रोखून ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेण्यास आरंभ केला. हे काम सुमारे महिनाभर चालले. ती सर्व चित्रे एकापुढे एक वेगाने दाखविताच मातीतून अंकुर वर आला, त्याला पाने फुटली आणि पाहता पाहता त्याचा वेल झाला! महिन्याची वाढ मिनिटभरात पाहून धनिकांचा विश्वास बसला. यशवंतराव नाडकर्णी यांनी तारणावर कर्ज दिले.

‘राजा हरिश्चंद्र’ची तयारी सुरू झाली. तारामतीची भूमिका करण्यास एकही स्त्री मिळेना. शेवटी एका उपाहारगृहातील आचारी, अण्णा साळुंके, यांना पंधरा रुपये पगारावर ते काम मिळाले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, तर फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. वडील हयात असता मिशी काढणे त्या काळी अशुभ मानीत. त्यामुळे स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांची समजूत घालावी लागे. सरस्वतीबाई दिवसा सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत, चित्रणाच्या वेळी ऊन परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत आणि रात्री फिल्मला भोके पाडीत बसत. त्यांचे नाव लोकांच्या तोंडी फारसे आले नाही. वास्तविक, चालता व्यवसाय सोडण्याची झळ त्यांनाही तितकीच सोसावी लागली होती.

सुमारे ३७०० फूट लांबीचा तो मूकपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी दाखविण्यात आला. प्रेक्षकांची रीघ लागली. कर्जही फिटले. पुढे ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्रियाही पडद्यावर आल्या. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या.

१९१८ मध्ये फाळक्यांनी भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली, आणि छापखान्याप्रमाणे येथेही मतभेद झाले. भागीदारी त्यांच्या स्वभावास मानवत नसे, असेच म्हणावे लागते. रागावून ते काशीला गेले, तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि मग परत येऊन पुन्हा चित्रपट काढू लागले. बोलपट आले तेव्हा मूकपटांचे दिवस संपले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट व एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. शंभराच्या आसपास लहानमोठे चित्रपट काढणाऱ्या या माणसाच्या गाठी तेव्हा फारसा पैसा उरलेला नव्हता.