फुटक्या संगमरवराचा उलगडा : जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी

मिस्सामध्ये जेव्हा लांब असलेली रोमन यज्ञप्रार्थना म्हटली जाते, तेव्हा आपल्या कानांवर नावांची एक माळच येते : लिनस, क्लेटस, क्लेमेंट, सिक्स्टस, कॉर्नेलियस, सिप्रियन... आणि पुढे आग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया. खरे सांगायचे तर आम्ही धर्मगुरू वेळेअभावी ही प्रार्थना क्वचितच निवडतो, आणि निवडली की मागच्या बाकांवरची मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात. पण ही माणसे खरोखर होऊन गेली. त्यांची प्रेते कुणीतरी खांद्यावरून वाहिली, कुणीतरी त्यांच्या कबरीवर दगड बसवला. त्यातल्या काहींच्या मूळ कबरी नेमक्या कुठे होत्या, हे मात्र जवळजवळ हजार वर्षे कुणालाच ठाऊक नव्हते. ज्याने ते शोधून काढले तो धर्मगुरू नव्हता, संन्यासी नव्हता. तो कायद्याची पदवी घेतलेला, बायको-मुलींचा संसार करणारा एक प्रापंचिक होता. त्याचे नाव जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी.

वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून एक खुलासा. याच नावाचे एक संतही रोममध्ये होऊन गेले. अठराव्या शतकातले ते धर्मगुरू गोरगरिबांचे पापनिवेदन ऐकण्याबद्दल प्रसिद्ध होते आणि १८८१ साली त्यांना संतपद देण्यात आले. आपले दे रोस्सी ते नव्हेत. यांचा जन्म रोममध्ये फेब्रुवारी १८२२ मधला.

लहानपणी वडिलांनी त्यांना एक जाडजूड ग्रंथ भेट दिला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. तो ग्रंथ होता आंतोनियो बोसियो यांचा, रोमच्या जमिनीखालच्या दफनभूमींवरचा. बोसियो दे रोस्सींच्या दोनशे वर्षे आधीचे. १५७८ साली सालारिया रस्त्यावरच्या एका मळ्यात जमीन खचून एक भुयार उघडे पडले आणि सगळे रोम चकित झाले, त्यानंतरच्या पिढीतला हा अभ्यासक. १५९३ साली तो एका भुयारात वाट चुकला आणि बाहेर पडेपर्यंत त्याचे धाबे दणाणले. पुढच्या वेळेपासून तो भरपूर मेणबत्त्या बरोबर घेऊन जाऊ लागला! त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. आपल्याकडे त्या वयाच्या मुलाला असले पुस्तक दिले तर ते कपाटावर धूळ खात पडेल, पण या मुलाला त्यातून आयुष्याचा ध्यास लागला.

ही भुयारे म्हणजे कॅटाकोम. रोमच्या कायद्याप्रमाणे शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला बंदी होती. म्हणून वेशीबाहेर, मोठ्या रस्त्यांच्या कडेला, ख्रिस्ती लोकांनी जमिनीखाली बोगदे खणून दोन्ही भिंतींत एकावर एक फळ्यांसारख्या कबरी कोरल्या. तिथला तुफा नावाचा खडक खणायला मऊ, पण हवा लागली की टणक होणारा. पहिले ख्रिस्ती लोक वर्षानुवर्षे या भुयारांत लपून राहत होते, असे आपण चित्रपटांत पाहतो. ते खरे नाही. ती राहण्याची जागा नव्हती. ती मृतांची जागा होती, आणि तिथे जिवंत माणसे प्रार्थनेसाठी येत.

पुढे आठव्या-नवव्या शतकात लुटारूंच्या भीतीने संतांचे अवशेष शहरातल्या चर्चमध्ये हलवण्यात आले. मग तिथे कोण कशाला जाईल? वाटा बुजल्या, नावे विसरली गेली. सोळाव्या शतकात भुयारे पुन्हा उघडली, तेव्हा नवीनच संकट आले. लोक आत शिरले ते अवशेषांसाठी. कुठलीही हाडे रक्तसाक्षींची म्हणून बाहेर काढली गेली आणि युरोपभर वाटली गेली. भिंतीवरचे शिलालेख उचकटून महालांत आणि संग्रहालयांत नेले गेले. भक्तीच्या पोटी केलेली ही नासधूस होती. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण तसे घडले.

दे रोस्सींनी रोममध्येच कायद्याचे शिक्षण घेतले आणि १८४४ साली पदवी मिळवली. वकिली मात्र केली नाही. व्हॅटिकन ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांवर काम पत्करले. येशूसंघीय फादर जुझेप्पे मार्की यांच्याबरोबर ते तरुणपणापासूनच भुयारांत उतरत होते. फादर मार्की यांना १८४५ साली संत हायसिंथ यांची कबर जशीच्या तशी, न उघडलेली सापडली होती. गुरूने शिष्याला दिवा हातात दिला, आणि शिष्याने आपल्या ग्रंथालयातली हस्तलिखिते बरोबर नेली. दे रोस्सींचे वेगळेपण इथेच होते. सातव्या शतकात परदेशांतून रोमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी छोट्या वाटदर्शक पुस्तिका लिहिलेल्या होत्या : या रस्त्याने बाहेर पडा, अमुक चर्च लागेल, तिथून डावीकडे अमुक संताची कबर. अशा एका पुस्तिकेची प्रत ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे सापडली होती. विद्वानांना त्या ठाऊक होत्या, पण त्या हातात धरून मळ्यांतून चालण्याची तसदी फारशी कुणी घेतली नव्हती.

१८४९ साली रोममध्ये मोठी धामधूम होती. क्रांतिकारकांनी प्रजासत्ताक जाहीर केले होते आणि पोप नववे पायस शहर सोडून गाएता येथे आश्रयाला गेले होते. त्याच वर्षी आप्पिया रस्त्याजवळच्या एका द्राक्षमळ्यात दे रोस्सींना संगमरवराचा एक फुटका तुकडा दिसला. त्यावर अर्धेच लॅटिन नाव होते. वरच्या ओळीत 'नेलियस' आणि खाली 'मार्तिर', म्हणजे रक्तसाक्षी. पुढचा भाग तुटून गेलेला.

तेव्हा सर्वांची अशी समजूत होती की पोपांची प्रसिद्ध दफनभूमी, म्हणजे संत कॅलिस्टस यांचे कॅटाकोम, थोड्या अंतरावरच्या संत सेबास्तियन चर्चखाली आहे. १४०९ साली तिथे एक लेखही लावलेला होता की संत सिसिलियाची कबर येथेच होती. साडेचारशे वर्षे यात्रेकरू तो लेख वाचत आले होते. दे रोस्सींनी मात्र साधा हिशेब केला. ज्याच्या नावाचा शेवट 'नेलियस' आहे आणि जो रक्तसाक्षी आहे, असा या परिसरात पुरलेला माणूस एकच : २५१ ते २५३ या काळातले पोप कॉर्नेलियस. ते हद्दपारीत मरण पावले आणि नंतर त्यांचा देह रोमला आणला गेला. जुन्या पुस्तिका सांगतात की त्यांची कबर कॅलिस्टस दफनभूमीच्या जवळ आहे. मग दफनभूमी त्या चर्चखाली असणारच नाही. ती इथे, या द्राक्षवेलींच्या खाली असली पाहिजे.

पोप रोमला परतल्यावर दे रोस्सींनी तो मळा विकत घेण्याची विनंती केली. पोपना सुरुवातीला हे संशोधकाचे स्वप्नरंजन वाटले, असे सांगतात. पण त्यांनी मळा घेतला. १८५२ साली त्यांनी पवित्र पुरातत्त्वासाठी एक आयोगही नेमला आणि खोदकाम सुरू झाले. त्याच वर्षी एका कबरीपाशी दुसरा तुकडा मिळाला. त्यावर नावाची सुरुवातीची अक्षरे होती आणि शेवटी बिशप या शब्दाचे संक्षिप्त रूप. दोन्ही तुकडे जुळवले. कॉर्नेलियस, रक्तसाक्षी, बिशप. कबरीच्या बाजूला भिंतीवर कॉर्नेलियस आणि कार्थेजचे बिशप सिप्रियन यांची चित्रेही निघाली. आजही आपण १६ सप्टेंबरला या दोघांचा सण एकत्रच साजरा करतो.

आता एकच खोली राहिली होती, ज्या खोलीसाठी हा सारा खटाटोप. १८५४ साली मातीने आणि दगडांनी भरलेली एक दालनवजा खोली मोकळी करण्यात आली. तिथे ग्रीक अक्षरांतले तुकडे सापडू लागले. अंतेरोस. फाबियन. लुसियस. युटिकियन. हे सगळे तिसऱ्या शतकातले पोप! (रोमच्या ख्रिस्तसभेची भाषा त्या काळी बरीचशी ग्रीकच होती.) बहुतेकांच्या नावापुढे बिशप एवढाच शब्द, ना विशेषणे ना स्तुती. फाबियन यांना २५० साली सम्राट देसियसच्या छळात मरण आले. त्यांच्या दगडावर रक्तसाक्षी या शब्दाची खूण आहे, पण ती नंतर, वेगळ्या हाताने कोरलेली दिसते. म्हणजे आधी फक्त बिशप म्हणून त्यांना पुरले, आणि तो मान नंतर कधीतरी दिला गेला. मला हा दगड त्या खोलीतल्या इतर सर्व गोष्टींपेक्षा मोलाचा वाटतो.

त्याच खोलीत एका मोठ्या काव्यलेखाचे शंभराहून अधिक तुकडे विखुरलेले होते. चौथ्या शतकातले पोप दमासुस यांनी रक्तसाक्षींच्या कबरींवर सुंदर अक्षरांत असे लेख लावले होते. या लेखात ते म्हणतात की मलाही इथेच पुरून घेण्याची इच्छा होती, पण पवित्र लोकांच्या अस्थींना त्रास देण्याचे भय वाटले. दे रोस्सींनी ते तुकडे मुलांच्या कोड्याप्रमाणे जोडले.

मे १८५४ मध्ये पोप नववे पायस स्वतः खाली उतरले. दे रोस्सींनी त्यांना एकेक दगड दाखवला आणि त्यांच्याच आधीच्या वारसांची नावे वाचून दाखवली. ती ऐकून पोप गहिवरले, असे सांगितले जाते. पाच वर्षांपूर्वी ज्यांना स्वतःचे शहर सोडावे लागले होते, त्यांना हद्दपार आणि ठार झालेल्या पोपांची ती नावे कशी वाटली असतील?

शेजारच्या खोलीत सिसिलियेच्या कबरीची जागाही ठरली, कारण ती पोपांच्या जवळ पुरली गेल्याचे जुन्या नोंदींत होते. तिचे अवशेष मात्र ८२१ साली पोप पहिले पास्काल यांनी शहरातल्या तिच्या चर्चमध्ये नेले होते. पुढे १८८७ साली चौदा वर्षांची एक फ्रेंच मुलगी आपल्या वडिलांबरोबर आणि बहिणीबरोबर यात्रेला आली, त्या रिकाम्या कबरीच्या तळाशी उतरली आणि तिथली थोडी माती घेऊन गेली. तीच आपली बाळ येशूची संत तेरेजा. दे रोस्सींनी ती जागा शोधली नसती, तर तिने ती माती दुसऱ्याच ठिकाणाहून नेली असती.

त्यांच्या कामाची पद्धत शांत आणि चिकट होती. सापडलेली वस्तू शक्यतो जागेवरच ठेवायची, कारण दगड जागेवरून हलला की त्याची अर्धी साक्ष संपते, हा त्यांचा नियम. बोगद्यांची मोजमापे त्यांचे धाकटे बंधू मिकेले स्तेफानो यांनी केली. हे भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि त्यासाठी त्यांनी एक यंत्रही बनवले. (भूकंपाची तीव्रता मोजण्याच्या एका जुन्या मापनश्रेणीला या बंधूंचे नाव आहे.) १८६३ पासून जोव्हान्नी यांनी स्वतःचे पुरातत्त्व नियतकालिक चालवले, आणि १८६४ ते १८७७ या काळात भूमिगत रोमवरचे तीन मोठे खंड काढले. ग्रंथाचे नाव त्यांनी जाणूनबुजून बोसियोंच्या ग्रंथासारखे ठेवले.

भिंतींवरची चित्रेही त्यांनीच जगाला वाचायला शिकवली. खांद्यावर मेंढरू घेतलेला उत्तम मेंढपाळ, माशाच्या पोटातून बाहेर येणारा योना, हात उभारून प्रार्थना करणारी स्त्री, भाकरीची टोपली आणि मासा. या चित्रांत रडारड नाही, की छळाचे एकही दृश्य नाही. कबरीवर लोकांनी सुटकेच्या गोष्टी रंगवल्या. सालारिया रस्त्यावरच्या प्रिस्किला कॅटाकोममध्ये पवित्र मरिया बाळाला घेऊन बसलेली आहे आणि शेजारी एक संदेष्टा ताऱ्याकडे बोट दाखवतो आहे. मरियेच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे एक. दे रोस्सींनी ते प्रेषितांच्या काळाच्या अगदी जवळचे ठरवले. आजचे अभ्यासक ते तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातले मानतात. अशी आणखीही काही कालनिश्चिती नंतर बदलली. पण ती बदलता आली, कारण दे रोस्सींनी प्रत्येक गोष्ट कुठे, कशी, कोणत्या थरात सापडली ते लिहून ठेवले होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना पुरावा आणि श्रद्धा यांवर आम्ही तासन्‌तास वाद घालत असू. हा माणूस तो वाद न घालता दोन्ही गोष्टी घेऊन भुयारात उतरला. परंपरा सांगते म्हणून त्याने एखादी कबर खरी मानली नाही, आणि परंपरा आहे म्हणून ती खोटीही ठरवली नाही.

म्हणूनच प्रोटेस्टंट घरात वाढलेले थोर जर्मन इतिहासकार थेओडोर मोम्सन यांनीही त्यांना बरोबरीचा मान दिला, आणि लॅटिन शिलालेखांच्या प्रचंड संग्रहाच्या कामात त्यांना सहभागी करून घेतले. १८७० साली २० सप्टेंबरला इटलीच्या सैन्याने रोम घेतले, पोपांचे राज्य संपले. दे रोस्सी पोपांशी एकनिष्ठ राहिले, पण त्यांच्या खोलीत सर्व बाजूंचे विद्वान येत राहिले. १८६१ साली त्यांचे लग्न झाले होते. लेखन, खोदकाम, संसार, सारे एकाच वेळी चालू होते.

अखेरच्या काळात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरी शक्य तितके काम ते करत राहिले. १८९४ च्या ऑगस्टमध्ये दाल्मातियातील स्प्लित येथे ख्रिस्ती पुरातत्त्वाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढच्याच महिन्यात, २० सप्टेंबर १८९४ रोजी, कास्तेल गांदोल्फो येथे त्यांचे निधन झाले. पोपांचे राज्य ज्या तारखेला संपले, तीच ही तारीख.

ज्या मळ्याखाली त्यांनी शोध घेतला, तिथली दफनभूमी १९३० पासून सालेशियन धर्मगुरूंच्या देखरेखीखाली आहे. डॉन बॉस्कोचे हेच फादर आपल्याकडे शाळा चालवतात. पोपांच्या त्या खोलीतला एक दगड मात्र दे रोस्सींना कधीच मिळाला नाही. पोप पोन्तियन यांना २३५ साली सार्डिनिया बेटावर हद्दपार करण्यात आले, तिथेच ते मरण पावले, आणि पोप फाबियन यांनी त्यांचा देह परत आणून इथे पुरला, असे जुन्या नोंदी सांगत होत्या. त्यांच्या नावाचा दगड १९०९ साली, दे रोस्सींच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, शेजारच्याच सिसिलियेच्या दालनात सापडला.