अकबराची चालती न्हाणी

मे महिन्यात यावलचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की दुपारी रस्ते ओस पडतात. जुन्या धाब्याच्या घरात माणूस कसाबसा तग धरतो. जाड मातीच्या भिंती ऊन आत यायला वेळ लावतात. पत्र्याच्या खोलीत ते जमत नाही, आणि केळीचे घड भरून उत्तरेकडे निघालेल्या ट्रकच्या केबिनमध्ये तर मुळीच नाही. घर एका जागी असेल तर भिंत जाड करता येते, अंगणात झाड लावता येते. पण राहण्याची जागाच चालती असेल तर ती थंड कशी ठेवायची?

चारशे वर्षांपूर्वी हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर हाताळलेला एक माणूस खानदेशात अख्खा उन्हाळा राहून गेला. यावलहून फैजपूर, सावदा, रावेर असे पूर्वेला गेले की बऱ्हाणपूर लागते. १६०० सालच्या वसंतात तिथे बादशहा जलालुद्दीन महंमद अकबर येऊन पोहोचला होता. त्याच्या लढाया, त्याचे नवरत्न दरबारी, त्याचे धर्मविचार यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ऊन आणि पाणी यांच्याशी त्याचे जे नाते होते, त्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. खरे तर त्याच्या आयुष्याची सुरुवात आणि शेवट या दोन्ही ठिकाणी पाण्याचाच प्रश्न उभा होता.

१५४२ च्या उन्हाळ्यात राज्य गमावलेला हुमायून राजपुतान्याच्या वाळवंटातून सिंधकडे पळत होता. सोबत गरोदर हमीदा बानू होती. वय जेमतेम पंधरा. वाटेत विहिरी दूरदूर होत्या. तहानेने माणसे आणि जनावरे मेली. गरोदरपणी शरीरातले पाणी कमी झाले तर वारेकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो आणि वेळेआधी कळा सुरू होण्याचा धोका वाढतो, हे आज आपण जाणतो. ती मुलगी या वाटेवरून जिवंत आणि गरोदर पोहोचली, हे नशीबच. ऑगस्टमध्ये उमरकोटच्या राणा प्रसादाने या काफिल्याला आसरा दिला आणि १५ ऑक्टोबर १५४२ रोजी तिथे अकबर जन्मला.

१५५६ मध्ये, तेराव्या वर्षी, तो तख्तावर बसला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तो सतत फिरत राहिला. गरज पडली तर तो काहीही सोबत न घेता धावे. १५७३ च्या ऑगस्टअखेर गुजरातेत बंड झाले, तेव्हा मोजके सैन्य घेऊन उंट-घोड्यांवरून तो फतेहपूर सिक्रीहून निघाला आणि अकराव्या दिवशी अहमदाबादजवळ लढाईला उभा राहिला. पण एरवीच्या प्रवासात त्याच्याबरोबर एक शहरच चालत असे. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त त्याचा हिशेबच दिला आहे. एक शाही तळ हलवायचा तर १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० भोई लागत. तंबू ठोकणारे १००० फर्राश, शिवाय सुतार, मशालजी, चामड्याचे काम करणारे, १०० भिस्ती आणि १५० झाडूवाले. तंबूंचे दोन सारखे संच असत. एका संचात बादशहा मुक्कामाला असताना दुसरा पुढच्या तळावर रवाना होई. त्यामुळे उन्हातून आलेल्या माणसाला उभी सावली तयार मिळे.

याच ग्रंथात अकबराने बनवून घेतलेल्या गाड्यांचा उल्लेख आहे. एक गाडी चालता चालता धान्य दळत असे. दुसरी इतकी मोठी होती की तिच्यात स्नानाच्या अनेक खोल्या मावत. ती एक हत्ती ओढे आणि बैलांनाही ती ओढता येई. म्हणजे ही चाकांवरची न्हाणीच होती. आज हौशी लोक गाडीला जोडून नेतात त्या फिरत्या घरांची ही जुनी आजी म्हणायला हरकत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने तिच्यातली कल्पना अगदी पक्की आहे. तापलेल्या माणसाला थंड करण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे त्याची कातडी ओली करणे आणि तिच्यावर वारा लागू देणे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढली जाते. घाम हेच काम करतो, पण त्यासाठी तो शरीरातले पाणी खर्च करतो. बाहेरून अंगावर घेतलेले पाणी तेच काम शरीराला फुकट करून देते.

दुसरी युक्ती वाळ्याची. वाळ्याच्या मुळांच्या ताट्या दारात लावायच्या, त्यांवर पाणी शिंपडत राहायचे, आणि बाहेरची झळ त्यांतून आत येऊ द्यायची. अशा खोल्या करण्याचे श्रेय अबुल फजल बादशहालाच देतो. दरबारी लेखकाच्या कौतुकातून थोडे वजा केले, तरी त्या काळी हा उपाय शाही वापरात होता एवढे नक्की. आपल्या घराघरांतला कूलर हे त्याचेच यंत्र झालेले रूप. हा उपाय कोरड्या हवेत उत्तम चालतो, म्हणून खानदेशच्या एप्रिल-मेमध्ये तो उपयोगी पडतो. जूनमध्ये हवा दमट झाली की पाण्याची वाफ होणे मंदावते आणि कूलर नुसता दमटपणा वाढवतो. खोलीची समोरची खिडकी बंद असेल तर मे महिन्यातही तोच प्रकार होतो. ओली हवा बाहेर जायला वाट हवी. वाळ्याच्या ताटीमागेही वारा वाहता असावा लागे.

तिसरा उपाय रसायनशास्त्रातला. बंदुकीच्या दारूत आग भडकवणारा सोरा पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. शेरभर पिण्याचे पाणी जस्ताच्या किंवा चांदीच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करत. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकून त्या मिश्रणात ती सुरई घोळवत. थोड्या वेळात आतले पाणी गार होई. सोरा पोटात जात नसे आणि उरलेले पाणी आटवले की तो परत मिळे. पिण्याचे पाणी गंगेचे, आणि ते भरून मोहोरबंद करायला विश्वासू माणसे नेमलेली. १५८५ मध्ये मुक्काम लाहोरला हलला आणि हिमालय जवळ आला. मग डोंगरातले बर्फ होडीने, गाडीने आणि माणसांच्या खांद्यावरून येऊ लागले.

लाहोरलाच हकीम अली गिलानीने एक नवल केले. त्याने एक हौद बांधला. त्याच्या तळातून एका कोरड्या खोलीत जाता येई आणि खोलीत पाणी शिरत नसे. अकबर स्वतः पाण्यात उतरून ती खोली पाहून आला. या हकिमाची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

१५९९ मध्ये बादशहा दक्षिणेकडे निघाला. त्याच वर्षी त्याचा मुलगा मुराद दक्षिणेत दारूपायी मेला होता. बऱ्हाणपूर सहज हाती आले, पण फारुकी सुलतान बहादूरशहा उत्तरेकडच्या असीरगडावर जाऊन बसला. वेढा १६०० चा उन्हाळा आणि पावसाळा ओलांडून चालला. सातपुड्यात बर्फ पडत नाही. इथे गारव्याची भिस्त सावली, पाणी आणि वारा यांच्यावरच. तळावर पखाली वाहणाऱ्यांचे आणि गुरांचे हाल काय झाले असतील, ते खानदेशात ज्याने एक उन्हाळा काढला आहे त्याला सांगावे लागणार नाही. किल्ल्यातही रोगाची साथ पसरली. अखेर जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला, फारुकींचे राज्य संपले आणि खानदेश मुघल सुभा झाला. त्याला धाकट्या दानियालचे नाव जोडून काही काळ दानदेश म्हणत. तोच दानियाल १६०५ मध्ये बऱ्हाणपुरात दारूनेच मेला. वय फक्त ३२. दारू यकृत तर खातेच, शिवाय लघवी वाढवून शरीर कोरडे करते. उन्हाळ्यात तिला थंडावा समजणे ही जुनी आणि महाग पडणारी चूक आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर १६०५ मध्ये आग्र्याला अकबर स्वतः आजारी पडला. हगवण लागली होती. उपचाराला तोच हकीम अली. शरीर आपोआप सावरेल या आशेने त्याने पहिले आठ दिवस औषध दिले नाही, असे वृत्तांत सांगतात. नंतर हगवण थांबवणारे जालीम औषध दिले, तेव्हा ताप आणि लघवीची अडचण सुरू झाली. ऑक्टोबरअखेर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, बादशहा गेला. एवढ्या दुरून अचूक निदान करणे योग्य नाही. पण हगवणीत रुग्ण दगावतो तो बहुतेक वेळा शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, हे खरे. ज्याच्यासाठी गंगेचे पाणी मोहोरबंद होऊन येत होते, सोऱ्याने गार होत होते, त्याच्या हकिमाला त्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर का घालावी हे ठाऊक नव्हते. ते ठाऊक असणे त्या काळात शक्यही नव्हते.

ते कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. साखर सोबत असली की आतडे मीठ आणि पाणी जास्त शोषते, हे प्रयोगांतून दिसले. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे द्यायला लावले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. तीही एक छावणीच होती. पण तिथे हत्ती नव्हते, बर्फ नव्हते, चांदीची सुरई नव्हती.

अकबराच्या तळावर वाळ्याच्या ताटीच्या आत गारवा होता. ती ताटी ओली ठेवणारा माणूस मात्र बाहेर उन्हात उभा असे. बादशहाची तब्येत इतिहासाने टिपून ठेवली, पण त्या भिस्त्यांतल्या कितीजणांना ऊन लागले याची नोंद कुणी केली नाही. आजही उष्माघाताचे रुग्ण बहुतेक ताटीबाहेरचेच असतात: शेतमजूर, वीटभट्टीवरचे कामगार, ट्रकचालक, टेम्पोत दाटीवाटीने निघालेले वऱ्हाड.

त्यांच्यासाठी शाही तळाचे धडे स्वस्तात उचलता येतात. गाडी उभी करायची तर सावलीत, आणि दोन्ही बाजूंच्या काचा खाली करून. टपावर ताडपत्री टाकायची तर ती पत्र्याला चिकटू न देता मधे चार बोटे हवा खेळती ठेवून, कारण दुहेरी छपराचा तंबू याच तत्त्वावर थंड राहतो. बंद गाडीत लेकरू किंवा म्हातारे माणूस पाच मिनिटेही ठेवायचे नाही. शक्यतो दुपारी बारा ते चार प्रवास टाळायचा. ओला गमछा डोक्याला आणि मानेला, सोबत पाणी, ताक किंवा मीठ-साखरेचे पाणी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. अंग भाजत असेल आणि माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात. अशा वेळी तोंडात पाणी ओतायचे नाही. कपडे सैल करायचे, सर्वांगावर पाणी ओतायचे, जोराने वारा घालायचा, आणि हे करत करतच दवाखाना गाठायचा.

चाकांवरची न्हाणी ओढायला अकबराला हत्ती लागला होता. यावलच्या रस्त्यावर उन्हाने कोसळलेल्या माणसासाठी तेच काम दोन घागरी पाणी आणि एक पुठ्ठा करू शकतो, फक्त ते वेळेवर व्हायला हवे.