शहाद्याचे अंबरसिंग महाराज

महाराज म्हटलं की डोळ्यांसमोर मठ, गादी आणि शिष्यांची रांग येते. पण आमच्या नंदुरबारकडे एक महाराज असे होऊन गेले, ज्यांच्यामागे उघड्या पायांचे शेतमजूर चालत होते. त्यांचं नाव अंबरसिंग सुरतवंती. शहादा तालुक्यातल्या एका भिल्ल घरातला हा माणूस. आमच्या फिल्म ग्रुपने यंदा डॉक्युमेंटरीसाठी विषय मागितले आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. तापीकाठची काळी जमीन सोन्यासारखी, पण ती कसणाऱ्या भिल्लांच्या नावावर फारशी उरलीच नव्हती. कर्ज, गहाणखत, कोऱ्या कागदावरचा अंगठा अशा वाटांनी ती पिढ्यान्‌पिढ्या निसटत गेली. मग मालक होता तोच सालदार झाला. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने बांधलेला गडी. आधी उचल घ्यायची आणि वर्षभर राबून ती फेडायची. हक्काची सुट्टी नाही, कामाला वेळेची मर्यादा नाही. माझे आजोबाही सालदार होते. घरात त्या दिवसांचा विषय निघाला की ते उठून ओट्यावर जाऊन बसत.

अंबरसिंग आधी समाजसुधारणेच्या वाटेने गेले. भजन करायचं, दारू सोडा म्हणून सांगायचं. त्यामुळेच लोक त्यांना महाराज म्हणू लागले. सर्वोदयाशी त्यांचा संबंध होता. भिल्ल आदिवासी सेवा मंडळ त्यांनी उभं केलं. पण माणूस दारूमुळे गरीब होतो, की जमीन गेल्यामुळे? नुसत्या भजनाने पोट भरत नाही, हे त्यांना गावोगाव फिरून कळलं असणार.

२ मे १९७१ रोजी पाटीलवाडीला धान्यावरून गोळीबार झाला. त्यात एक भिल्ल मारला गेला, आणि दरोड्याचा आरोप मात्र भिल्लांवरच आला. ही बातमी मुंबई-पुण्यापर्यंत गेली. सर्वोदयाचे कार्यकर्ते आणि शहरातली तरुण मुलं शहाद्याला आली. ३० जानेवारी १९७२ ला, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीला, भूमिमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना निघाली. गेलेल्या जमिनी परत द्या, सालदाराचा पगार वाढवा, आठवड्याची सुट्टी द्या, या मागण्या. आज साध्या वाटतात, पण तेव्हा मालकासमोर मान वर करणं हीच मोठी गोष्ट होती. बायकाही मागे राहिल्या नाहीत. त्यांनी गावोगाव दारूचे मटके फोडले.

इथे आपल्यासाठी एक खास गोष्ट. त्या तरुणांत कुमार शिराळकर होते, आयआयटी मुंबईतून शिकलेले इंजिनिअर. नोकरी सोडून ते शहाद्याला आले आणि २०२२ मध्ये जाईपर्यंत कष्टकऱ्यांच्याच चळवळीत राहिले. वाहरू सोनवणेही याच लढ्यात घडले आणि पुढे कवी म्हणून नावाजले.

महाराजांना मात्र फार दिवस मिळाले नाहीत. ऐन तारुण्यात, १९७४ मध्ये, ते गेले. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा त्याच वर्षाच्या नावाने ओळखला जातो. त्याचा फायदा किती जणांना झाला हे बघायला ते नव्हते.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नर्मदा आहे. तिच्या खोऱ्यातल्या लढ्यावर आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी १९९५ मध्ये 'अ नर्मदा डायरी' हा माहितीपट केला. तिथे पाणी चढताना दिसतं, घर बुडताना दिसतं. सालदारी मात्र कॅमेऱ्यात पकडायला अवघड. उचलीचा आकडा, मालकाच्या वहीतली नोंद, सातबाऱ्यावरून गेलेलं नाव, हे शूट कसं करणार? मला वाटतं, मोर्च्यापेक्षा या कागदांपासून सुरुवात करावी. तलाठ्याकडचे जुने उतारे काढावेत, मग त्याच बांधावर उभं राहून म्हाताऱ्या माणसांना बोलतं करावं. आणि हे काम लवकर करावं लागेल. १९७२ ला जे वीस वर्षांचे होते, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. उतारा दप्तरात राहील, पण तो वाचून ही जमीन आमची होती असं सांगणारा माणूस राहणार नाही.