औषधाला पत्ता देणारा माणूस

२०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्र हादरला. आमच्या पनवेलमध्येही लायपोसोमल अँफोटेरिसिनची चिठ्ठी घेऊन नातेवाईक औषधांची दुकाने पालथी घालत होते. शेजारच्या मुलाबरोबर मीही हिंडलो. त्या अवघड नावामागे कोण माणसे आहेत, हे तेव्हा ठाऊक नव्हते. त्यांतले एक डॉ. बिमलकुमार बच्छावत. बच्छावत म्हटले की आपल्याला कृष्णेच्या पाण्याचा लवाद आठवतो. हे ते नव्हेत.

यांचा जन्म १९२५ चा, कलकत्त्याचा. पीएच.डी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची. शरीर कोलेस्टेरॉल ज्या वाटेने घडवते, त्या वाटेवरच्या एचएमजी-कोए या रेणूच्या शोधात त्यांचा वाटा होता. तिकडेच स्थिरावता आले असते. पण ते परतले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेंदूच्या रसायनशास्त्राची प्रयोगशाळा त्यांनी उभारली. १९६२ साली भटनागर पुरस्कार मिळाला.

पन्नाशी ओलांडल्यावर कलकत्त्यात ते नव्या विषयाकडे वळले. लायपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंची, डोळ्यांना न दिसणारी पिशवी. १९६० च्या दशकात इंग्लंडात अॅलेक बँगहॅम यांनी ती ओळखली. तिच्यात औषध भरता येते. पण ते जाणार कुठे? बँकेत आयुष्य गेलेल्या मला हे असे उमगते : साधे औषध म्हणजे बेअरर चेक, कुणीही वटवावा. बच्छावतांनी तो क्रॉस करू पाहिला. यकृताच्या पेशी गॅलॅक्टोज ही साखर ओळखतात, जंतू गिळणाऱ्या पेशी मॅनोज. त्यांच्या गटाने पिशवीच्या पृष्ठभागावर अशा साखरा रासायनिक बंधाने जोडल्या. साखर बदलली की पिशवीचा मुक्काम बदलतो, हे १९८० च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले.

पुढे दिल्ली विद्यापीठात त्यांनी अँफोटेरिसिन हाती घेतले. हे औषध बुरशी मारते, तसे मूत्रपिंडालाही इजा करते. लायपोसोममध्ये बसवले की ती इजा पुष्कळ कमी होते. त्यांच्याकडचे हे औषध मुंबईच्या केईएममध्ये डॉ. निलिमा क्षीरसागर यांच्या गटाने रुग्णांवर अभ्यासले. त्या पिशवीवर साखर नव्हती. पत्त्याची कल्पना बरीचशी प्रयोगशाळेतच राहिली. १९९० साली पद्मभूषण मिळाले, १९९६ साली ते गेले. देशी औषध बाजारात आले ते त्यानंतर.

शेजारच्या मुलाला अखेर कुप्या मिळाल्या. वडील वाचले, एक डोळा मात्र गेला. चिठ्ठीवर औषधाचे नाव होते, बच्छावतांचे नव्हते. पैसे हाती पडल्यावर चेकवरची सही कोण वाचतो?