नांगर आणि ट्रॅक्टर एकजीव करणारा हॅरी फर्ग्युसन

निफाडचा पारा घसरला की ती बातमी दर हिवाळ्यात शहरी वाचकांपर्यंत पोहोचते. द्राक्षबागांची काळजी व्यक्त होते आणि विषय संपतो. त्याच पहाटे ट्रॅक्टर सुरू करणाऱ्या शेतकऱ्याची अडचण मात्र बातमीत येत नाही. इंजिन सुरू होते, पण मागचे अवजार उचलले जात नाही. उचललेच तर कुथत कुथत. अनुभवी चालक घाई करीत नाही. पाच-दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतो, तेलाला ऊब येऊ देतो आणि मगच लिफ्टच्या दांड्याला हात घालतो. तेलाच्या दाबावर नांगर उचलण्याची ही व्यवस्था आज जगातील बहुतेक ट्रॅक्टरांवर दिसते. ती ज्याने घडवली, त्या हॅरी फर्ग्युसनचे नाव मात्र आपल्याकडे एका कंपनीच्या नावातील उत्तरार्ध म्हणूनच ठाऊक आहे.

फर्ग्युसनचा जन्म 4 नोव्हेंबर 1884 रोजी आयर्लंडच्या उत्तरेकडील डाउन परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. अकरा भावंडांतील हा मुलगा शेतीकामाला कंटाळलेला होता. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे बेलफास्टमध्ये थोरल्या भावाच्या मोटार-सायकल दुरुस्तीच्या कारखान्यात त्याचे खरे शिक्षण झाले. 31 डिसेंबर 1909 रोजी स्वतः बांधलेल्या विमानातून तो हवेत झेपावला. आयर्लंडमधील ते पहिले यांत्रिक उड्डाण मानले जाते. विमानाचा नाद मात्र फार काळ टिकला नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याची टंचाई जाणवू लागली, तेव्हा 1917 मध्ये आयर्लंडच्या शेती मंडळाने ट्रॅक्टरची नांगरणी सुधारण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. गावोगाव हिंडताना मूळ दोष त्याच्या ध्यानात आला. त्या काळी नांगर बैलामागे बांधावा तसा ट्रॅक्टरमागे साखळीने ओढला जाई. नांगराचा फाळ जमिनीतील दगडाला अडला की चाके फिरतच राहत, पुढचा भाग वर उचलला जाई आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा होई. फोर्डसनसारख्या हलक्या ट्रॅक्टरांवर अशा अपघातांत माणसे चिरडून मेली. उपाय म्हणून ट्रॅक्टर अधिक वजनदार करावा, तर तो ओल्या जमिनीत रुते.

फर्ग्युसनने उलटा विचार केला. ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन यंत्रे न मानता एकच मानायचे. त्याने खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी नांगर ट्रॅक्टरला जोडला. नांगरावर जमिनीचा रेटा येतो, तेव्हा वरचा दांडा पुढे ढकलला जातो आणि ट्रॅक्टरचे नाक वर जाऊ देत नाही. याच रेट्याची खबर हायड्रॉलिकच्या झडपेला मिळते. जमीन कठीण लागली की पंप नांगर किंचित उचलतो, त्याचा भार मागच्या चाकांवर येतो आणि हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते. 1926 मध्ये या रचनेचे पेटंट झाले, पण विक्रीयोग्य ट्रॅक्टर बाजारात यायला 1936 साल उजाडले.

ऑक्टोबर 1938 मध्ये त्याने अमेरिकेत हेन्री फोर्डसमोर प्रात्यक्षिक दाखवले. फोर्ड इतका प्रभावित झाला, की दोघांनी केवळ हस्तांदोलनावर व्यवहार ठरवला. कागद नाही, सही नाही. पुढच्या काही वर्षांत तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. पुढे फोर्डच्या नातवाने हा शब्द मोडला, मात्र हायड्रॉलिकची रचना सोडली नाही. फर्ग्युसनने खटला भरला. 1952 मध्ये तडजोड होऊन त्याला 92 लाख 50 हजार डॉलर मिळाले. मागणी याच्या कितीतरी पट होती. एवढ्या काटेकोर माणसाने कागदाविना व्यवहार करावा, याचे नवल वाटते.

कारण काटेकोरपणा हा त्याचा स्वभाव होता. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे 1946 पासून तयार झालेल्या त्याच्या करड्या ‘टीई-20’ ट्रॅक्टरसोबत मिळणाऱ्या पान्यावर इंचाच्या खुणा असत, म्हणजे तासाची रुंदीही त्यानेच मोजता यावी. चालक व मेकॅनिक यांच्यासाठी त्याने प्रशिक्षण शाळा काढली. लिफ्ट बंद पडली तर थेट पंप खोलायचा नसतो. आधी पीटीओचा दांडा जोडलेला आहे का, हे पाहायचे, कारण या ट्रॅक्टरचा पंप त्यावरच चालतो. क्लच दाबून धरला तरी लिफ्ट थांबते. मग तेलाची पातळी. थंडीत शंका तेलावरच घ्यावी. गिअरबॉक्स आणि पंप यांना तेल एकच. ते गारठून घट्ट झाले की तळाशी बसलेल्या पंपाला पुरेसे ओढता येत नाही. तेलात पाणी शिरले असेल तर तेही तळाशीच साचते आणि कडाक्याच्या थंडीत गोठते. अशा वेळी तेल बदलणे हाच इलाज.

थंडीची खरी कसोटी या ट्रॅक्टरने अंटार्क्टिकात दिली. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ऑक्टोबर 1957 मध्ये पट्टे चढवलेले तीन फर्ग्युसन घेऊन निघाला आणि 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. मोटारवाहनाने जमिनीवरून ध्रुव गाठण्याची ती पहिलीच वेळ. कॅप्टन स्कॉटच्या मोटार-घसरगाड्या वाटेतच निकामी झाल्या होत्या.

फर्ग्युसन तेव्हा या धंद्यात उरला नव्हता. 1953 मध्ये त्याने कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. दहा लाख डॉलरचा फरक मिटवायला नाणे उडवले गेले, त्यात तो हरला. वर्षभरात तो बाहेर पडला आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीच्या मागे लागला. 25 ऑक्टोबर 1960 रोजी औषधाची मात्रा अधिक झाल्याने त्याचा मृत्यू झाला. तो अपघात होता की आत्महत्या, याचा निवाडा चौकशीतही झाला नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या तंत्रावरील मोटारीने स्टर्लिंग मॉसला शर्यत जिंकून दिली.

मृत्यूच्याच वर्षी, 1960 मध्ये, मद्रासला ‘टॅफे’ ही कंपनी स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतीय शेतांत येऊ लागले.