बारशाची पंगत बदलणारे गाडगेबाबा



आपल्या हिंदमाताजवळ, दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारासाठी गावोगावहून आलेले कॅन्सरचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक तेथे अल्प दरात राहतात. तोंडाच्या कॅन्सरचे मोठे कारण तंबाखू आहे, हे आपण जाणतो. ज्यांच्या नावाने ही धर्मशाळा उभी आहे, त्यांना व्यसनाची किंमत बालपणीच मोजावी लागली होती.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या आहारी गेले आणि डेबू लहान असतानाच वारले. आई सखुबाई मुलाला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. डेबूच्या नशिबी शाळा नव्हती. गुरे राखण्यात आणि शेतकामात त्याचे बालपण गेले.

पुढे त्यांचे लग्न झाले, मुलगी झाली. बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची, अशी तेव्हा रीत होती. डेबूजींनी ती मोडली व गोडधोडाची पंगत वाढली. लोकांची नाराजी त्यांनी सोसली.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. हाती खराटा आणि मडके. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते लोकांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. दारू, कर्ज, पशुबळी यांविरुद्ध त्यांनी आयुष्यभर सांगितले. देणग्यांतून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे उभारली. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज शाळांतील व्यसनप्रतिबंधक कार्यक्रमांत नुसते भाषण पुरत नाही. मित्राने तंबाखूची पुडी पुढे केली तर काय म्हणशील, असे विचारून मुलांकडून नकाराचा सराव करून घेतला जातो. बाबांची रीत याहून वेगळी नव्हती. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु आपल्या घराला असा कायदा नाही.

बाप्तिस्मा असो वा लग्न, आपण मुलांच्याच हातून ग्लास आणि बर्फ मागवतो. शाळेत शिकलेला नकार मग त्यांनी कोणाच्या बळावर टिकवायचा? पुढच्या समारंभाची यादी करताना घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून याचा विचार करावा. निरक्षर डेबूजींना जे जमले, ते आपल्यालाही जमेल.